बंदुकीवरील दुर्बीण व तिची पारख

दुर्बीण हा शब्द आपल्या भाषेंत फारसींतून आला. ‘दूर’ म्हणजे लांब व ‘बीन’ म्हणजे पाहणारा, असे त्याचे दोन अवयव आहेत. पैकीं पहिला तर संस्कृत ‘दूर’ शब्दाचा सख्खा भाऊच होय. वस्तूचें सर्व काम शब्दांतच सांगितलेलें आहे: लांबचें पाहणें, इतकेंच. लांबचें मारण्यास साहाय्य करणें हें काम तिच्याकडे मागाहून आलें, आणि तें अंगवळणीं पडण्यास तिला अडीच शतकांहून अधिक काळ लागला. हा काळ कोणत्या अडचणींत गेला तें सांगून, लांब पल्ल्याच्या शिकारीसाठीं दुर्बीण निवडणारानें काय पाहावयास हवें होतें व आजहि काय पाहावयास हवें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

ज्यांच्या संग्रहीं जुनी शिकारी बंदूक आहे व तिच्यावर दुर्बीण आहे, अशा सद्गृहस्थांकडे पाहुणा आला कीं त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही किती पटीची? चार पट म्हटलें तर पाहुणा मान हलवितो, पंचवीस पट म्हटलें तर डोळे विस्फारतो. आमच्या मतें हा प्रश्नच चुकीच्या जागीं विचारला जातो. दुर्बिणीचा इतिहास नीट लावला असतां असें दिसतें कीं, पट वाढविणें हें कारागिरांस कधींच फारसें अवघड नव्हतें. अवघड होत्या त्या दुसऱ्याच गोष्टी, आणि ज्यांनीं त्या सोडून पटीकडे पाहिलें त्यांचे पैसे, श्रम व कधीं कधीं प्राणहि व्यर्थ गेले.

येथें एक खुलासा अवश्य आहे. भारतांत शिकारीस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बांध घातला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें तर ती जवळजवळ पूर्णपणें बंद झाली. म्हणून आपल्याकडे हा विषय केवळ इतिहासाचा राहिला आहे. स्कॉटलंड, जर्मनी, अमेरिका इत्यादि देशांत परवान्यानें शिकार चालते. तेथें तो व्यवहाराचाहि आहे.

दुर्बिणीपूर्वीं नेम धरण्याचें साधन म्हणजे नळीच्या टोकावरील माशी व मागील बाजूची खाच. खाच, माशी व लक्ष्य हीं तीन एका रेषेंत आणावयाचीं. ऐकण्यास हें सोपें वाटतें. परंतु मनुष्याच्या डोळ्यास एका वेळीं एकाच अंतरावरील वस्तु स्पष्ट दिसते. खाच हातभर अंतरावर, माशी दोन हातांवर व हरीण शंभर-दोनशें पावलांवर. यांतील एक स्पष्ट पाहावें तर उरलेलीं दोन अंधुक होतात. तरुण डोळा भराभर मागें-पुढें फिरून हें वैगुण्य झांकून नेतो. चाळिशी लागल्यावर (आणि मराठींत वयास व चष्म्यास एकच शब्द आहे, हें किती यथार्थ!) तें झांकतां येत नाहीं. शिवाय दूरचें हरीण माशीच्या मण्याआड सबंध दडून जातें. याचा परिणाम असा कीं, जुन्या शिकारशास्त्राचें सर्व कौशल्य लांबून मारण्यांत नसून जवळ जाण्यांत होतें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेल्या, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मृगयेचे अनेक प्रकार वर्णिले आहेत. त्यांत माणसाळविलेल्या हरणांकडून रानांतील हरणें भुलविण्याची युक्तिहि आहे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत सेनापति मृगयेची स्तुति करितो, तेव्हां चल लक्ष्यावर बाण न चुकणें हा धनुर्धराचा उत्कर्ष मानतो. अंतराची बढाई त्याच्या तोंडीं नाहीं.

आतां दुर्बिणीकडे वळूं. इ. स. १६०८ मध्यें हॉलंडांतील चष्मे करणारा हान्स लिपरहे यानें हेग येथें आपल्या नव्या नळीसाठीं सनद मागितली, आणि पुढील वर्षीं गॅलिलिओनें ती आकाशाकडे वळविली. या नळींत एक भिंग फुगीर व दुसरें खोलगट असे. चित्र उलटें होत नसे, पण नळीच्या आंत कोठेंहि खरी प्रतिमा उमटत नसे. १६११ मध्यें केप्लरनें दोन्ही भिंगें फुगीर घेण्याची रीति सांगितली. तींत चित्र उलटें दिसतें, परंतु नळीच्या आंत एका निश्चित जागीं प्रतिमा खरोखर उमटते. ही बाब आकाश पाहणारांस किरकोळ वाटली असेल. आमच्या विषयाचें बीज मात्र तिच्यांतच आहे. त्या जागीं एखादा बारीक तंतु ताणला तर तो व दूरची वस्तु हीं दोन्ही डोळ्यास एकाच अंतरावर, सारखींच स्पष्ट दिसतात. विल्यम गॅस्कॉइन नांवाच्या इंग्रज ज्योतिष्याच्या हें प्रथम ध्यानांत आलें. त्याच्या दुर्बिणींत एका कोळ्यानें नेमक्या त्याच जागीं जाळें विणलें व तें ताऱ्याबरोबर स्पष्ट दिसलें, असा वृत्तान्त प्रसिद्ध आहे. त्यानें लगेच कोन मोजण्याच्या यंत्रावर तंतु बसविलेली दुर्बीण लावली. हा तरुण गृहस्थ १६४४ मध्यें मार्स्टन मूरच्या लढाईंत मारला गेला, आणि त्याचें संशोधन बरींच वर्षें कागदांत पडून राहिलें. हस्तलिखितें जमविणाऱ्या आमच्या वाचकांस अशा गोष्टीचें नवल वाटणार नाहीं.

म्हणजे बंदुकीवरील दुर्बिणीचा मूळ लाभ मोठें दिसणें हा नव्हेच. खाच, माशी व लक्ष्य या तिघांच्या जागीं तंतु व लक्ष्य हीं दोनच राहिलीं, आणि तीं दोन्ही एका प्रतलांत आलीं, हा मूळ लाभ. दुर्बीण एकपट असती, म्हणजे कांहींच मोठें दाखवीत नसती, तरी हा लाभ झालाच असता. पटीच्या मागें धांवणारे ही गोष्ट नेहमीं विसरतात.

मग ती बंदुकीवर चढण्यास इतका उशीर कां लागला? याचें कारण बंदूक मागें धक्का देते. ज्योतिष्याचें यंत्र भिंतीस खिळून असतें. बंदुकीवरील नळीस प्रत्येक बारास हातोड्याचा घाव बसतो, आणि ती डोळ्यापाशीं असल्यानें तोच घाव डोळ्यासहि बसूं शकतो. १७७६ मध्यें फिलाडेल्फिया शहरीं चार्ल्स विल्सन पील या चित्रकारानें, डेव्हिड रिटनहाउस या ज्योतिष्याच्या साहाय्यानें, रायफलीवर दुर्बीण चढविली. तेव्हां डोळा वांचविण्यासाठीं त्यास कमानीची योजना करावी लागली. आजहि दुर्बीण निवडतांना डोळा व नेत्रभिंग यांमध्यें किती अंतर राहतें हें पाहणें आद्य कर्तव्य आहे. सामान्यतः तें साडेतीन इंचांच्या आसपास असावें. जबर धक्क्याच्या बंदुकीवर तें कमी ठेवणाराच्या भुंवईवर चंद्रकोरीसारखा व्रण उमटतो, आणि हा व्रण शिकाऱ्यांत इतका परिचित आहे कीं त्यावरून थट्टाहि होते.

पुढें अमेरिकेंत जॉन रॅटक्लिफ चॅपमन यानें १८४८ च्या आपल्या पुस्तकांत या दुर्बिणींचें वर्णन केलें, आणि युटिका येथील मॉर्गन जेम्स हा बंदूककार त्या बनवूं लागला. त्या नळ्या जवळजवळ बंदुकीच्या नळीइतक्याच लांब असत. १८५५ पासून सिराक्यूझच्या विल्यम माल्कमनें त्यांत रंगदोष घालविणारीं जोडभिंगें बसविलीं.

या परंपरेंत एक नांव असें आहे कीं तें आम्हां महाराष्ट्रीयांस जवळचें वाटावें. म्हणून त्यावर थोडें थांबतों. अमेरिकेंतील यादवी युद्धांत दक्षिणेकडील नेमबाजांनीं व्हिट्वर्थच्या षट्कोनी नळीच्या रायफली वापरल्या. (याच जातीच्या बंदुकीचा बार १८६० मध्यें विंबल्डन येथें खुद्द व्हिक्टोरिया राणीनें चारशें यार्डांवरून उडविला व तो मध्यबिंदूपासून अवघ्या सव्वा इंचावर बसला, अर्थात् बंदूक टेकणावर पक्की बांधलेली होती.) त्यांपैकीं कांहीं रायफलींवर डाव्या अंगास सुमारे साडेचौदा इंच लांबीची, चार पटीची दुर्बीण असे. ती डेव्हिडसन याच्या योजनेची. हा डेव्हिडसन मुंबईच्या फौजेंतील अधिकारी. हिंदुस्थानांत असतांनाच त्यानें शिकारी बंदुकीवर दुर्बीण वापरली होती. आतां मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीचा पाया घालणारा जो १८४७ चा संयुक्त अहवाल, त्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांच्या जोडीस तिसरी सही आहे ती कॅप्टन डेव्हिडसन याची. नांव, फौज व काळ हीं तिन्हीं जुळतात. तेव्हां हे दोघे एकच पुरुष होत, असें आम्ही मानतों. ज्या मोजणीच्या आधारें आमच्या आज्या-पणज्यांच्या शेतांचे नकाशे निघाले, आकार बसले, तिच्या कर्त्यांपैकीं एकानें शिकारी दुर्बिणीच्या इतिहासांतहि आपली खूण ठेवावी, हा योगायोग नुसता गमतीचा नाहीं. तेहतीस फुटी सांखळी हातीं घेऊन ज्यानें दख्खनची जमीन गुंठ्या-गुंठ्यानें मोजली, त्याच्या डोळ्यास अंतराचा अदमास बिनचूक असणारच. लांबच्या नेमांत अर्धें काम अंतर जाणण्याचें आहे, आणि तें काम दुर्बीण स्वतः होऊन करीत नाहीं.

कां, तें आंकड्यांनीं सांगतों. आज सर्वत्र प्रचारांत असलेली ०.३०८ इंच व्यासाच्या गोळीची रायफल घ्या. शंभर यार्डांवर तिचा मेळ बसविला असेल, तर दोनशें यार्डांवर गोळी सुमारें चार इंच खालीं बसते. पांचशें यार्डांवर ती जवळजवळ पांच फूट खालीं जाते. हरणाच्या छातींतील ज्या जागीं गोळी लागली असतां तें तत्काळ पडतें, ती जागा सुमारें एक वीत रुंद. म्हणजे पांचशें यार्ड अंतर चारशें साठ समजून नेम धरला, तर गोळी त्या जागेंत न बसतां पाय मोडून जाईल. पंचवीस पटीच्या दुर्बिणींतून तें हरीण वीस यार्डांवर उभें असल्यासारखें दिसेल. पण गोळीस पांचशेंहि यार्ड चालावेंच लागेल.

यासाठीं दुर्बिणीवर दोन फिरक्या असतात, एक वर-खालीं व एक डावी-उजवी, आणि त्यांच्या प्रत्येक टिचकीस तंतु एका ठराविक कोनानें सरकतो. हा कोन पाश्चात्य लोक अंशाच्या साठाव्या भागानें मोजतात. आपल्या ज्योतिषांत त्यास ‘कला’ म्हणतात. वर्तुळाच्या २१६०० कला; आणि आर्यभटाच्या ज्यासारणींत त्रिज्येचें मान आहे ३४३८ कला. आमच्या वाचकांतील ज्योतिषज्ञांस हें सांगावयास नकोच. परंतु शिकाऱ्यास जो आंकडा हवा असतो तो नेमका हाच आहे, ही मौज त्यांच्या नजरेस आणावीशी वाटते. अंतर कितीहि असो, त्यास ३४३८ नीं भागिलें म्हणजे एका कलेनें गोळी किती सरकेल तें मिळतें. शंभर यार्ड म्हणजे ३६०० इंच, भागाकार १.०४७ इंच. इंग्रजी पुस्तकांत हाच आंकडा दिलेला असतो, पण तो कोठून आला हें सहसा सांगितलेलें नसतें. दुसरें एक माप आहे, त्रिज्येच्या हजाराव्या भागाचें, तें ३.४३८ कलांइतकें होतें आणि शंभर मीटरांवर दहा सेंटिमीटर व्यापतें. दोन्ही मापें सारखींच उत्तम आहेत. तंतूवरील खुणा एका मापाच्या व फिरक्या दुसऱ्या मापाच्या असलेली दुर्बीण मात्र घेऊं नये. रानांत त्रैराशिक मांडण्यास वेळ नसतो.

फिरक्या खऱ्या बोलतात कीं नाहीं, हें पाहण्याची रीत सोपी आहे, आणि ती न करणारा ग्राहक आम्हांस मुद्रा न तपासतां सनद विकत घेणाऱ्या संग्राहकासारखा दिसतो. शंभर यार्डांवर उंच फळी उभी करून तिच्यावर ओळंब्यानें रेघ मारावी. बंदूक टेकणावर ठेवून एक बार काढावा. मग नेम तोच ठेवून फिरकी वीस कला वर नेऊन दुसरा बार काढावा. दोन्ही छिद्रांतील अंतर एकवीस इंचांच्या जवळ हवें व दोन्ही छिद्रें रेघेला धरून हवींत. तेथून वीस कला उजवीकडे, वीस खालीं, वीस डावीकडे, असा चौकोन काढीत पहिल्या जागीं आलें असतां गोळी पहिल्याच छिद्राजवळ बसली पाहिजे. कित्येक चकचकीत दुर्बिणी या परीक्षेंत उघड्या पडतात. रेघेची अट व्यर्थ नाहीं. बंदूक पांच अंश कलती धरली, तर पांच फूट घसरणीच्या पल्ल्यावर गोळी सुमारें पांच इंच बाजूस जाते, आणि धरणाऱ्यास आपण कलतों आहों याची जाणीवहि नसते.

केप्लरच्या उलट्या चित्रास सुलट करण्यासाठीं नळीच्या मध्यावर आणखी भिंगें घालावीं लागतात. त्यामुळें प्रतिमा दोन ठिकाणीं उमटते, एकदां त्या भिंगांच्या पुढें व एकदां मागें. तंतु यांपैकीं कोठें ताणावा, यावर युरोप व अमेरिका यांचा जुना मतभेद आहे. पट बदलतां येणाऱ्या दुर्बिणींत तंतु पुढच्या जागीं असेल तर चित्राबरोबर तोहि लहान-मोठा होतो व त्याच्या खुणांचें माप प्रत्येक पटीस खरें राहतें; युरोपांत ही रीति रूढ. मागच्या जागीं असेल तर तंतु डोळ्यास नेहमीं सारखाच बारीक दिसतो, पण खुणांचें माप एकाच पटीस खरें; अमेरिकेंत ही लोकप्रिय. खुणांवरून अंतर किंवा घसरण मोजणारानें पहिली घ्यावी. फक्त मध्यावर नेम धरणाऱ्यास दुसरी पुरे.

आतां प्रकाशाविषयीं. रानांतील जनावर बहुधा उजाडतां किंवा मावळतां बाहेर पडतें. मध्य युरोपांतील शिकाऱ्यास मचाणावर बसून तिन्हीसांजेस रानडुकराची वाट पाहावी लागे; म्हणून तेथील कारागिरांनीं पटीपेक्षां प्रकाशाचा ध्यास घेतला. १८८० मध्यें ऑस्ट्रियांतील श्ट्रॉन्सडॉर्फच्या ऑगस्ट फीडलर या वनाधिकाऱ्यानें व्यवहारांत उपयोगी पडेल अशी आंखूड दुर्बीण तयार केली. १८८४ मध्यें येना येथें शॉटचा कांचकारखाना निघाला व अबेच्या गणितास हवी तशी कांच मिळूं लागली. १८९८ मध्यें व्हिएन्नांत काह्लेसचा कारखाना सुरू झाला. तरी एक गळती राहिलीच होती. कांचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून शंभरांत चार भाग प्रकाश परत फिरतो. दहा पृष्ठभाग असले तर तिसरा हिस्सा वाटेंतच नाहींसा होतो. १९३५ मध्यें त्साइसच्या कारखान्यांतील अलेक्झांडर स्माकुला यानें भिंगांवर अतिसूक्ष्म लेप देऊन ही गळती थांबविली. आजच्या चांगल्या दुर्बिणींतून नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रकाश पार येतो. जुन्या दुर्बिणीच्या भिंगावर तिरप्या उजेडांत निळसर-जांभळी झांक दिसली, तर ती या शोधानंतरची समजावी, हें काळ ठरविण्याचें एक सोपें गमक आहे.

परंतु प्रकाशाचा खरा हिशेब दोन आंकड्यांच्या भागाकारांत आहे. वस्तुभिंगाच्या व्यासास पटीनें भागिलें म्हणजे डोळ्यापाशीं येणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास निघतो. जर्मन शिकाऱ्याची आठ पटीची, छप्पन मिलिमीटरांची दुर्बीण घ्या: सात मिलिमीटर, म्हणजे तरुण मनुष्याची बाहुली अंधारांत जितकी मोठी होते तितकें बरोबर. तींच छप्पन मिलिमीटरें पंचवीस पटीवर नेलीं तर वर्तुळ सव्वादोन मिलिमीटरांचें. सांज झाली कीं तींतून हरीण व झुडूप एकच दिसूं लागतात. आमच्या वयाच्या माणसाची बाहुली पांच मिलिमीटरांपलीकडे बहुधा उघडतच नाहीं, तेव्हां त्यानें सातासाठीं अधिक पैसे मोजण्याचें कारण नाहीं. नळी जाड असली म्हणजे प्रकाश अधिक येतो, असाहि एक समज बाजारांत आहे. तो खोटा आहे. जाड नळींत फिरकीस सरकण्यास अधिक वाव मिळतो, इतकाच तिचा गुण.

भर दुपारीं तर मोठी पट उलट वैरीण होते. तापलेल्या जमिनीवरची हवा तिच्यांत मोठी होऊन नाचूं लागते व लक्ष्य पाण्यांत बुडाल्यासारखें लहरतें. याला मृगजळ म्हणतात. हरणाला फसविणारें तें पाणी येथें हरणाच्या शिकाऱ्यास फसवितें. त्या वेळीं पट कमी करणें हाच उपाय. तसेंच लंबन. ग्रहणाच्या गणितांत जो लंबनसंस्कार येतो, त्याचेंच हें लहान रूप: प्रतिमा व तंतु नेमके एका प्रतलांत नसतील, तर डोळा किंचित् हलला कीं तंतु लक्ष्यावरून सरकतो. साध्या शिकारी दुर्बिणींत तें शंभर यार्डांसाठीं कारखान्यांतच जुळविलेलें असतें. लांब पल्ल्याच्या दुर्बिणीस त्यासाठीं वेगळी फिरकी लागते. पाऊस व थंडी यांत भिंगावर आंतून दंव धरूं नये म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत लिओपोल्डच्या कारखान्यानें नळींत नत्रवायु कोंडण्याची रीति रूढ केली. ती आतां सार्वत्रिक आहे.

हीं सर्व लक्षणें जुळलीं तरी, बसविणाऱ्याचा हात अडाणी असल्यास काय होतें, याची साक्ष पहिल्या महायुद्धानें दिली. जर्मनांकडे शिकाऱ्यांच्या दुर्बिणी तयार होत्या आणि त्या वापरणारे शिकारीहि होते. इंग्रजांनीं १९१५ मध्यें घाईनें दुर्बिणी रायफलींवर चढविल्या, बऱ्याचशा एका बाजूस. हेस्केथ-प्रिचर्ड हा स्वतः नाणावलेला शिकारी. तो फ्रान्सांत खंदकां-खंदकांतून फिरला, तेव्हां त्यास पुष्कळ बंदुकांचा मेळ मुळींच बसलेला नाहीं, आणि ज्यांच्या हातीं त्या दिल्या होत्या त्यांस तो कसा बसवावा हें कोणीं शिकविलेलेंच नाहीं, असें आढळून आलें. त्यानें १९२० मध्यें लिहिलेल्या पुस्तकांत ही हकीकत आहे. भिंगें वाईट नव्हतीं, मेळ नव्हता. त्या चुकलेल्या प्रत्येक बाराचें मोल पलीकडच्या नेमबाजानें वसूल केलें असणार.

शिकारींत हें मोल मुकें जनावर देतें. पांचशें यार्ड जाण्यास गोळीस अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. चाप ओढला तेव्हां स्थिर असलेलें हरीण तेवढ्यांत एक पाऊल टाकतें. छातीवरचा नेम पोटांत बसतो. ताशीं दहा मैलांचा आडवा वारा त्याच पल्ल्यावर गोळीस दीड फुटाहून अधिक बाजूस नेतो. असें जखमी जनावर दरीपलीकडे गेलें, तर पांचशें यार्डांवरून माग काढीत जाईपर्यंत रात्र पडते. जवळून मारणाऱ्यास आपली चूक समोर दिसते व ती निस्तरतां येते. लांबून मारणाऱ्यास पुष्कळदां चूक झाली हेंच कळत नाहीं. म्हणून अमेरिकेंतील १८८७ पासूनची बून अँड क्रॉकेट ही शिकाऱ्यांचीच संस्था अतिदूरच्या नेमबाजीस शिकार म्हणण्यास नाखूष आहे. जनावरास चाहूल लागण्याची जी निसर्गानें दिलेली शक्ति, तिला तेथें वावच उरत नाहीं, हा तिचा आक्षेप आम्हांस योग्य वाटतो. जिम कॉर्बेट यास १९०७ मध्यें चंपावतची वाघीण मारल्याबद्दल जी रिग्बी रायफल मिळाली, ती उघड्या माशीचीच होती.

दुर्बिणीचा शिकारींत खरा उपकार आहे तो ओळखण्याचा. दशरथ राजास शब्दवेध साधला होता. बाण चुकला नाहीं, पाण्यांत घट बुडविणारा मुनिकुमार पडला. पांडूनें हरीण समजून किंदम ऋषीस मारलें. दोघांसहि पल्ला किंवा अचूकपणा कमी पडला नाहीं. समोर कोण आहे हें पाहणें तेवढें राहिलें. पण हें पाहण्याचें काम बंदुकीवरच्या दुर्बिणीनें करूं नये, हेंहि तितकेंच खरें, कारण तिनें पाहणें म्हणजे भरली बंदूक रोखूनच पाहणें. समोर लांकूडतोड्या निघाला तर? स्कॉटलंडांतील डोंगरी शिकारी हातांत वेगळी दुर्बीण घेऊन तासन्‌तास उतार न्याहाळीत. दुर्बिणीसाठीं जी रक्कम काढून ठेवली असेल तिचा मोठा वांटा हातांतल्या दुर्बिणीस व पक्क्या पकडींस द्यावा, उरल्यांत बंदुकीवरची घ्यावी. तीहि फार तर दहा पटीपर्यंत, चाळीस-पन्नास मिलिमीटरांची व वजनास हलकी.

संग्राहकांसाठीं दोन शब्द लिहून हा लेख पुरा करितों. जुन्या दुर्बिणींतील फुली मध्यावर नसून एका कोपऱ्यांत गेलेली दिसली, तर ती बिघडली असें समजून कारागिराकडे देऊं नये. त्या काळीं फिरकी फिरविली कीं तंतूच चित्रांतून सरकत असे. फुली जितकी मध्यापासून दूर, तितकी पकड वांकडी बसविलेली होती, आणि मेळ बसविणाऱ्यानें ती उणीव फिरकीनें भरून काढली, असा त्याचा अर्थ आहे. ती मध्यावर आणणें म्हणजे पोथींतील मूळ लेखकाचा हात खरवडून काढणें होय. जोडभिंगांमधील बाल्समचा डिंक पिवळा पडला असेल तर पडूं द्यावा. नळी उघडून आंत फुंकर घातली तर कोळ्याच्या धाग्याची फुली तुटते व ती परत लावणारा कारागीर आतां मिळणें कठीण. दुर्बीण व बंदूक एकमेकांपासून विलग करून विकूं नयेत. दुसऱ्या महायुद्धांतील चौथ्या क्रमांकाच्या एन्फील्ड रायफलीवर तीन पटीची, एकोणीस मिलिमीटरांची दुर्बीण असे. त्या दुर्बिणीचा क्रमांक रायफलीच्या दस्त्याच्या मानेवर ठोकलेला असतो, आणि रायफलीचा क्रमांक दुर्बिणीच्या पकडीवर. हे दोन्ही क्रमांक जुळत असतील तर ती जोडी ज्या कारागिरानें एकत्र बसविली त्याच्या हातची तशीच आहे असें समजावें, आणि पकडीचे स्क्रू न हलवितां दोन्ही क्रमांक आपल्या नोंदवहींत उतरून ठेवावेत.